ऐकण्याची खोली : माप, प्रमाण आणि आकार

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या नगरांना गाण्याची आणि व्याख्यानाची गोडी फार जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली, आणि कल्याण गायन समाज १९२६ साली. पंडित राम मराठे यांच्यासारखा गवई ठाण्यात राहिला, येथेच त्याने शिष्य घडविले. १९७८ साली मासुंदा तलावाच्या काठी गडकरी रंगायतन उभे राहिले, कल्याणास आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीस सावित्रीबाई फुले यांच्या नावाचे नाट्यगृह झाले. परंतु या सर्व वास्तू जमेस धरूनही हे मान्य करावे लागते की आज या परिसरात जितके गाणे ऐकले, शिकले आणि शिकविले जाते त्यातील फार मोठा भाग रंगमंदिरांत नव्हे, तर राहत्या घरांच्या खोल्यांत घडतो. संध्याकाळी कोणत्याही इमारतीच्या जिन्यावर उभे राहावे. एका मजल्यावर पेटीचा रियाज, दुसऱ्यावर तबल्याचे बोल, तिसऱ्यावर कोणी निवृत्त गृहस्थ जुन्या ध्वनिमुद्रिका लावून बसलेले. ज्या खोलीत हे सर्व चालते तिची लांबी, रुंदी आणि उंची मात्र अशा माणसांनी ठरविलेली असते की ज्यांच्यापुढे कानाची दरखास्त कधी आलेलीच नसते. चटईक्षेत्र, खांबांची जागा, वाहनतळाचे गणित आणि मंजुरीचे नियम यांतून जे उरते ते खोलीचे माप होय.

याबद्दल इमारत बांधणाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही, कारण घर घेणारानेही हा प्रश्न विचारलेला नसतो. तो विचारला जावा, आणि योग्य वेळी विचारला जावा, या एकाच हेतूने प्रस्तुत पुस्तक सिद्ध झाले आहे. योग्य वेळ यासाठी म्हणतो की खोलीच्या ध्वनिदोषांत दोन भिन्न जाती आहेत. उंच स्वरांचा गोंगाट, शब्दांचा अस्पष्टपणा, टाळीमागून येणारी फडफड, हे दोष पडदे, सतरंजी, पुस्तकांची कपाटे आणि शोषक फळ्या यांनी पुढे केव्हाही बऱ्याच अंशी निवारता येतात. खर्जातील दोषांचे तसे नाही. ते भिंतींच्या परस्पर अंतरांतूनच जन्म पावतात, आणि भिंती एकदा उभ्या राहिल्यावर त्यांवर जो इलाज होतो तो खर्चिक, अवजड आणि अपुरा असतो. नकाशावर जे काम एका रेघेने होते त्यासाठी पुढे खोलीचा एक कोपरा गमवावा लागतो.

ऐकण्याच्या जागेचे माप असावे हा विचार आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आलेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय प्रेक्षागृहाच्या रचनेलाच वाहिलेला असून त्यात विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र, म्हणजे लांबट, चौरस आणि त्रिकोणी, असे तीन आकार आणि ज्येष्ठ, मध्यम व कनिष्ठ अशी तीन माने सांगितली आहेत. मनुष्यांसाठी जे मध्यम मान योग्य ठरविले ते ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. दीड फुटाचा हात धरला तर ९६ फूट बाय ४८ फूट, आणि त्यातील अर्धी जागा रंगभूमी व नेपथ्य यांची असल्यामुळे प्रेक्षकांच्या वाट्यास साधारण ४८ फुटांचा चौरस येतो. याहून मोठे गृह करू नये, याचे कारण ग्रंथकार स्पष्ट देतो : उच्चारलेला शब्द विस्कटून जातो आणि मुखावरचे भाव दिसेनासे होतात. मंडप पर्वताच्या गुहेसारखा असावा, गवाक्षे लहान असावीत, वारा शिरू नये, म्हणजे स्वरास गांभीर्य येते, हेही तेथेच सांगितले आहे. या वर्णनात आधुनिक समीकरणे शोधण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मला तो अनावश्यक वाटतो. नटाच्या कंठाची पोच आणि श्रोत्याच्या कानाची कुवत प्रमाण मानून वास्तूचे माप ठरवावे, ही दृष्टी स्वतःच इतकी मोलाची आहे की तिला उसन्या अलंकारांची गरज नाही.

पश्चिमेकडे व्हिट्रुव्हिअस या रोमन वास्तुकाराने प्रेक्षागृहातील ध्वनीचा विचार केला होता. पण पुढील कित्येक शतके हा विषय वास्तुकाराच्या अनुभवावर आणि बऱ्याच अंशी दैवावर सोपविलेला राहिला. त्याला शास्त्राचे रूप आले ते १८९५ नंतर, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात. तेथे उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ रेंगाळत असे, त्यामुळे एक शब्द विरण्यापूर्वी पुढचे अनेक शब्द त्यावर येऊन पडत आणि विद्यार्थ्यांस काहीच कळत नसे. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे हा दोष दूर करण्याचे काम आले. जवळच्या एका नाट्यगृहातील गाद्या रात्रीच्या शांततेत वाहून आणाव्या, ऑर्गनची एक नळी वाजवावी, ती थांबल्यावर ध्वनी ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ घड्याळावर मोजावा आणि पहाटेपूर्वी गाद्या परत पोहोचत्या कराव्या, असा क्रम त्याने चालविला. त्यातून जो नियम निघाला तो आजही या शास्त्राचा पाया आहे : खोलीचे घनफळ जितके अधिक तितके अनुरणन, म्हणजे ध्वनीचे मागे रेंगाळणे, दीर्घ, आणि शोषण जितके अधिक तितके ते अल्प. घनफळ घनमीटरांत व शोषण चौरस मीटरांत घेतले तर पहिल्यास दुसऱ्याने भागून ०·१६१ ने गुणावे, म्हणजे ध्वनी ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा काळ सेकंदांत मिळतो. शोषणाचे एकक म्हणून सॅबिनने उघडी खिडकी घेतली, कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही.

हा नियम आपल्या घरात लावून पाहावा. दहा फूट बाय बारा फूट, उंची नऊ फूट, अशी खोली घेतली तर तिचे घनफळ सुमारे ३१ घनमीटर होते. नुकताच ताबा मिळालेल्या, गिलावा केलेल्या, फरशी घातलेल्या रिकाम्या खोलीचे शोषण तीन चौरस मीटरांच्या आसपास असते; म्हणजे अनुरणन दीड सेकंदाहून अधिक, लहानशा खोलीस सर्वथा अशोभनीय. त्याच खोलीत गाद्या घालून दहाबारा श्रोते बसले की तो काळ अर्ध्या सेकंदाच्या घरात येतो. घरगुती बैठकीतले गाणे कानास जवळचे का वाटते याचे एक कारण यात आहे : माणसे आणि बैठक मिळूनच तेथे खोलीचे शोषण घडवितात.

सॅबिनच्या सल्ल्याने १९०० साली बांधलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल आणि त्यापूर्वी १८७० साली झालेले व्हिएन्नाचे म्युझिकफेराइन ही लांबट, अरुंद, उंच छताची सभागृहे आजही जगातील उत्तम सभागृहांत गणली जातात. हा झाला पेटीच्या आकाराचा संप्रदाय. पुढे प्रेक्षकसंख्या वाढली, प्रत्येकास रंगमंच दिसावा ही मागणी वाढली, आणि पंख्यासारखे मागे रुंदावत जाणारे आराखडे रूढ झाले. १९६३ साली बर्लिनमध्ये हान्स शारून या वास्तुकाराने लोथार क्रेमर या ध्वनितज्ज्ञाच्या साहाय्याने वादकांच्या चहूबाजूंस द्राक्षमळ्याच्या पायऱ्यांप्रमाणे श्रोत्यांचे सज्जे बसविले, तो तिसरा संप्रदाय. पंख्याच्या आकारात बाजूच्या भिंती ध्वनीला मध्यभागाकडे न वळविता मागे ढकलतात. आणि श्रोत्यास संगीताने वेढले गेल्याचा अनुभव येतो तो मुख्यतः बाजूंनी लवकर येणाऱ्या परावर्तनांमुळे, हे हॅरल्ड मार्शल याने १९६७ साली दाखवून दिल्यावर अरुंद पेटीची थोरवी नव्याने उमगली. मुंबईचे टाटा थिएटर, जे १९८० साली फिलिप जॉन्सन याच्या आराखड्याने आणि सिरिल हॅरिस याच्या ध्वनिविषयक मार्गदर्शनाने उभे राहिले, ते पंख्याच्या आकाराचे असूनही भारतीय संगीत ध्वनिवर्धकाविना ऐकता यावे या स्पष्ट उद्देशाने रचलेले आहे. यावरून एवढेच सिद्ध होते की आकारामुळे केवळ गुणदोषांचा कल ठरतो; निकाल छताची उंची, भिंतींचे कोन आणि पृष्ठभागांची घडण यांवर अवलंबून राहतो. वक्र पृष्ठभागांविषयी मात्र असे सौम्य बोलता येत नाही. अंतर्वक्र भिंत वा घुमट ध्वनीला एका ठिकाणी गोळा करतो आणि इतरत्र वंचित ठेवतो. विजापूरच्या गोल घुमटाखाली ज्याने एकदा टाळी वाजविली आहे त्यास हे निराळे सांगावयास नको.

मोठ्या सभागृहांविषयी इतके पुरे, कारण प्रस्तुत पुस्तकाचा खरा विषय लहान खोली हा आहे, आणि लहान खोलीत सॅबिनचा नियम अर्धाच चालतो. सभागृहात खर्जाची तरंगलांबीही जागेच्या मानाने लहान असते, म्हणून ध्वनी सर्वत्र मिसळून जातो. दहा फुटांच्या खोलीत ती खोलीएवढी किंवा तिच्याहून मोठी होते. मग दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठराविक स्वर उभे राहतात, म्हणजे पुढे सरकत नाहीत. भिंतीलगत फुगतात आणि मध्ये कोठेतरी नाहीसे होतात. यांना स्थिर तरंग म्हणतात. त्यांचे गणित लॉर्ड रॅले याच्या काळापासून ज्ञात आहे व सोपेही आहे : ध्वनीचा वेग, आपल्या हवेत सेकंदास सुमारे ३४६ मीटर, यास भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे. दहा फूट अंतरास उत्तर येते ५७ हर्ट्झ, बारा फुटांस ४७, नऊ फुटांच्या उंचीस ६३; आणि यांच्या दुपटी, तिपटीही त्यांजबरोबर येतात. वर सांगितलेल्या बारा फुटी खोलीत सुमारे २५० हर्ट्झपर्यंत, म्हणजे जवळजवळ पेटीच्या मधल्या सप्तकाच्या षड्जापर्यंत, या सुट्या स्थिर तरंगांचेच राज्य असते. त्याच्यावर ते इतके दाट होतात की वेगळे ऐकू येत नाहीत.

आता ‘दहा बाय दहा’ म्हणून जी खोली आपल्याकडे इतक्या सहज बोलली जाते तिचा विचार करावा. जुन्या इमारतींत तिची उंचीही कित्येकदा दहा फूट असे. तिन्ही दिशांना एकच अंतर, म्हणून तिन्ही दिशांचा मूळ स्वर ५७ हर्ट्झ हाच. तेथे खोली तिप्पट बोलते आणि त्याच्या वरखाली मुकी राहते. डग्ग्याची एक थाप खोलीभर घुमते आणि तिच्या लगतची दुसरी कोरडी पडते, याचे कारण पुष्कळदा डग्ग्यात वा हातात नसून खोलीत असते. पांढरी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६५ हर्ट्झच्या सुमारास वाजते, आणि नऊ फूट उंचीच्या खोलीचा ६३ हर्ट्झचा तरंग तिच्या इतका निकट आहे की ती तार तेथे नित्य काहीशी अधिक जड भासावी. याच्या उलट, त्याच खोलीच्या नेमक्या मध्यभागी बसलेल्या श्रोत्यास लांबी आणि रुंदी या दोन्ही दिशांचे पहिले स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत. भिंतीस टेकून बसलेल्यास ते दुप्पट ऐकू येतात. दोघे एकाच ध्वनिमुद्रिकेविषयी वाद घालतात आणि दोघेही खरे बोलत असतात.

येथून प्रमाणाचा प्रश्न उद्भवतो. लांबी, रुंदी आणि उंची यांची गुणोत्तरे अशी निवडावी की तिन्हींचे स्वर एकमेकांवर न पडता सम अंतराने विखुरले जावेत, हे तत्त्व. मतभेद आहे तो कोणती गुणोत्तरे उत्तम याविषयी. रिचर्ड बोल्ट याने १९४६ साली चांगल्या गुणोत्तरांचे एक क्षेत्रच आलेखावर रेखाटून दिले. सेप्मायर याने १९६५ साली १ : १·१४ : १·३९, १ : १·२८ : १·५४ आणि १ : १·६० : २·३३ ही तीन प्रमाणे सुचविली, लाउडन याने १९७१ साली अनेक प्रमाणे तपासून १ : १·४ : १·९ यास अग्रस्थान दिले, ब्रिटिश नभोवाणीच्या वॉकर याने पुढे एकाच प्रमाणाचा आग्रह सोडून मर्यादा आखून दिल्या, आणि कॉक्स व डँटोनिओ यांनी २००४ साली गणकयंत्राच्या साहाय्याने शोध घेऊन दाखविले की चालण्याजोगी प्रमाणे पुष्कळ आहेत. या सर्व खटाटोपाचे सार मी असे काढतो की सर्वोत्तम प्रमाण नावाची वस्तू नाही, परंतु टाळावयाची प्रमाणे निश्चित आहेत : समान मापे, आणि एक माप दुसऱ्याच्या नेमके दुप्पट किंवा तिप्पट असणे. सुवर्णप्रमाणाविषयी जी भक्ती काही मंडळींत आढळते तिला ध्वनिशास्त्रात विशेष आधार नाही; आणि नऊ फूट उंचीच्या घरात त्या प्रमाणाची खोली करावयाची म्हटली तर लांबी तेवीस फुटांवर जाते, जी डोंबिवलीच्या सामान्य कुटुंबास परवडणारी नव्हे.

याउलट आनंदाची गोष्ट ही की आपल्या घरांतील एक अगदी सामान्य खोली, दहा बाय बारा आणि उंची नऊ, हिचे प्रमाण १ : १·११ : १·३३ पडते, आणि ते सेप्मायरच्या पहिल्या प्रमाणाच्या बरेच जवळ आहे. अनेक घरांत दिवाणखान्यापेक्षा ही शयनगृहाची खोलीच ऐकण्यास अधिक लायक असते. दिवाणखाना बहुधा दहा बाय अठरा. नऊ फुटांची उंची अठरा फुटांच्या नेमकी निम्मी, त्यामुळे लांबीचा दुसरा स्वर आणि उंचीचा पहिला स्वर दोन्ही ६३ हर्ट्झवर एकत्र येतात, १२६ वर पुन्हा त्यांची गाठ पडते. गॅलरी बंद करून खोलीत घेण्याची जी चाल येथे सर्वत्र आहे तिने, इतर कोणतेही परिणाम असोत, लांबी एकवीस फूट होते आणि ही गाठ सुटते. भिंत पाडताना मात्र इमारतीच्या बांधणीस बाध येणार नाही याची खातरजमा प्रथम झाली पाहिजे. कानासाठी इमला धोक्यात घालावा असे कोणीही म्हणणार नाही.

आकाराविषयी एक समज दूर करणे अगत्याचे आहे. समांतर भिंती टाळल्या, एखादी तिरकी केली, म्हणजे स्थिर तरंग नाहीसे होतात, असे पुष्कळांस वाटते. तसे होत नाही. तिरकेपणाने टाळीची फडफड जाते, हा मोठाच लाभ आहे. परंतु खर्जातील तरंग केवळ जागा आणि आकडे बदलतात, व त्यांचे गणित अवघड होऊन बसते. भिंत कशाची आहे हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. कल्याणच्या जुन्या वस्तीतील कौलारू घरांत उतरते छप्पर, कौलांमधील फटी, लाकडी तक्तपोशी आणि उघडे माजघर यांतून खर्जाचा बराच भाग निघून जात असे, आणि म्हणून त्या घरांत लहान जागेतही आवाज मोकळा वाटे. घोडबंदर मार्गावरील नव्या मनोऱ्यांत साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती असतात. त्या खर्जास जवळजवळ काहीच बाहेर जाऊ देत नाहीत. तेथे सरकत्या काचेच्या खिडक्या हाच काय तो खर्जाचा मार्ग, आणि त्याच मार्गाने रस्त्याचा व रेल्वेचा गोंगाट आत येतो. भिंत जितकी अभेद्य तितका प्रमाणाचा प्रश्न तीव्र, हे सूत्र नव्या घरांत विशेषेकरून ध्यानात ठेवावे.

आपल्या संगीतास खोलीकडून काय हवे, याची चर्चा परकीय ग्रंथांत सापडत नाही, आणि ती या पुस्तकात सविस्तर केली आहे याचे मला समाधान वाटते. युरोपीय वाद्यवृंद सभागृहाच्या सुमारे दोन सेकंदांच्या अनुरणनावर विसंबून रचलेला असतो. स्वरास स्वर जोडण्याचे काम तेथे वास्तू करते. आपल्याकडे ते काम तंबोरा करतो. गायकाच्या दोन स्वरांमधील पोकळी तो अखंड भरून काढीत असल्यामुळे खोलीने पुन्हा तेच काम हाती घेतले तर गर्दी होते. विलंबित आलापास थोडे अनुरणन खपते, किंबहुना मानवते. परंतु सेकंदास आठ स्वरांनी धावणारी तान एक सेकंद रेंगाळणाऱ्या खोलीत सापडली तर एकाच क्षणी कानावर आठ स्वरांचा गाळ साचतो. सबब आपल्या गाण्याची खोली युरोपीय मानापेक्षा कोरडी असावी, परंतु मेलेली नसावी, कारण गवयास स्वतःचा आवाज परत ऐकू आला नाही तर तो जोर लावतो आणि गळा बिघडवून घेतो. गायनवर्ग चालविणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी.

यंत्रांच्या साहाय्याने खोलीचे दोष झाकण्याचे जे मार्ग आज उपलब्ध आहेत त्यांविषयी थोडक्यात सांगतो. विद्युत्‌समायोजनाने फुगलेला स्वर खाली बसविता येतो, पण जेथे तो नाहीसा झाला आहे तेथे परत आणता येत नाही, आणि एका आसनासाठी केलेली दुरुस्ती शेजारच्या आसनास लागू पडेलच असे नाही. खर्जाचे दोनचार ध्वनिक्षेपक निरनिराळ्या जागी ठेवून तरंग समतोल करण्याची रीत अधिक समंजस आहे. परंतु समोर प्रत्यक्ष गाणारा माणूस बसला असेल तर या सर्व साधनांचा काही उपयोग नाही. तेथे खोली जशी आहे तशीच ऐकू येते.

हा विषय आताच का, असे कोणी विचारील. ठाण्याची नगरपालिका १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवलीची १९८३ साली महानगरपालिका झाली. त्या सुमारास व तत्पूर्वी बांधलेल्या असंख्य इमारती आज पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत, आणि ठाण्यात तर समूह पुनर्विकासाने संपूर्ण वस्त्यांचे नकाशे नव्याने आखले जात आहेत. सोसायटीच्या सभासदांस आयुष्यात प्रथमच, आणि बहुतेकांस अखेरचेच, आपल्या खोल्यांच्या मापांविषयी बोलण्याचा अधिकार या काळात मिळतो. सभांमधून वाढीव क्षेत्र, भाडे, वाहनतळ यांची चर्चा होते, ती व्हावयासही हवी. त्याच बैठकीत कोणी एवढेच म्हटले की अठरा फुटांचा दिवाणखाना साडेसतरा किंवा एकोणीस करता येईल काय, सोसायटीचे सभागृह चौरस न ठेवता लांबट ठेवता येईल काय, तर वास्तुविशारदास त्यासाठी फारसे कष्ट पडत नाहीत आणि क्षेत्रही जवळपास तेच राहते. नियमांनी राहत्या खोलीस २·७५ मीटर ही किमान उंची घालून दिली आहे; ती किमान आहे, कमाल नव्हे, हेही तेथे आठवण करून देण्यासारखे आहे. सोसायटीच्या सभागृहात वाढदिवसापासून भजनापर्यंत सर्व काही होते, आणि बहुधा तेथेच वृद्धांस वक्त्याचा शब्द कळत नाही. श्रवणशक्ती उतरलेल्या माणसास अनुरणनाचा त्रास तरुणापेक्षा कितीतरी अधिक होतो, हे एक कारणही या प्रश्नाची निकड सिद्ध करण्यास पुरेसे व्हावे.

प्रस्तुत पुस्तक ध्वनिशास्त्राचे पाठ्यपुस्तक नव्हे, आणि ध्वनिमुद्रणालये उभारणाऱ्या व्यावसायिकांसाठी ते लिहिलेले नाही. घर घेणारा, घर बदलणारा, गायनवर्ग चालविणारा, वाचनालयाचा कार्यवाह, सोसायटीचा चिटणीस, अशा माणसास आपली मागणी नेमक्या आकड्यांत मांडता यावी, एवढे सामर्थ्य त्यास देणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. म्हणून सिद्धांत जेवढा आवश्यक तेवढाच घेतला आहे, मापे फुटांत आणि मीटरांत दोन्ही दिली आहेत, आणि उदाहरणे आपल्या इमारतींतील खोल्यांची घेतली आहेत. जे घर हाती आहे तेच ठेवावयाचे, अशा वाचकाची उपेक्षा झालेली नाही. कोठे बसावे, ध्वनिक्षेपक कोणत्या भिंतीस ठेवावे, पुस्तकांचे कपाट कोठे हलवावे, यांचा विचार त्याच्यासाठी आहे. ज्याला पुढे जावयाचे आहे त्यास गणित पडताळून पाहण्याची रीत दिली आहे, जेणेकरून ग्रंथकर्त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची त्यास गरज पडू नये.

मापे घेताना वाचकाने एक दक्षता अवश्य बाळगावी. विक्रीच्या कागदपत्रांतील आकडे कित्येकदा गिलावा व फरशी होण्यापूर्वीचे असतात, म्हणून फीत घेऊन तयार भिंतीपासून तयार भिंतीपर्यंत स्वतः मोजावे. उंची मात्र फरशीपासून वरच्या स्लॅबपर्यंत धरावी, शोभेसाठी खाली टांगलेल्या जिप्समच्या छतापर्यंत नव्हे. कारण त्या पातळ छतातून खर्जाचे स्वर बऱ्याच अंशी पार जातात आणि खोलीची खरी उंची त्यांना त्याच्या वरच सापडते.